घोडं पेंड कुठं खातं?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अंबड, पाथर्डी फाटा, सिडको या पट्ट्यात शिबिरांची पत्रकं घरोघर येऊन पडतात. स्केटिंग, पोहणं, कराटे, अबॅकस. त्यात कधीतरी एक ओळ असते, 'घोडेस्वारी'. आणि घरातलं सात-आठ वर्षांचं पोर नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतं. मग आई म्हणते, "बघ रे दादा, फी किती आहे विचार जरा." फोन तुम्हीच लावायचा, कारण असली चौकशी घरात तुमच्याकडेच असते. समोरून आकडा येतो, तो तुम्ही घरात सांगता, आणि बहुतेक घरांत विषय तिथंच संपतो. 'आपल्यासारख्यांचं काम नाही ते.'

हे वाक्य कितपत खरं आहे? घोडेस्वारी महाग आहे, यात वाद नाही. पण ती नेमकी कशामुळे महाग आहे आणि तो खर्च कुणी उचलायचा, हे दोन प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. फीचा आकडा ऐकून गप्प बसतो. देशात या खेळाबद्दल सध्या बरंच बोललं जातंय. पदकं आली, कर कमी झाला, २०२६ च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या आयची-नागोया इथे पुढच्या आशियाई स्पर्धा आहेत. तेव्हा अंबडच्या एखाद्या घरातून या खेळाकडे बघितलं तर काय दिसतं, ते पाहू.

दोन सुवर्णांमधली ४१ वर्षं

२६ सप्टेंबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी भारताला ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्ण मिळवून दिलं. ड्रेसाज म्हणजे ठरवून दिलेल्या हालचाली घोड्याकडून शिस्तीत आणि लयीत करून घेणं. अनुषने पुढे वैयक्तिक ब्राँझही मिळवलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. संघात दोन मुली, दोन मुलगे. घोडेस्वारीत स्त्री-पुरुष असे वेगळे गट नसतात, ऑलिंपिकमध्येसुद्धा सगळे एकाच यादीत असतात. घरात हट्ट धरणारी मुलगी असेल तर तिला हे जरूर सांगा.

बातम्यांत एक वाक्य सगळीकडे होतं, '४१ वर्षांनी सुवर्ण'. त्याआधीचं सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडमधलं. तेव्हा भारताने घोडेस्वारीत तीन सुवर्णपदकं जिंकली होती. इव्हेंटिंगमध्ये दफादार रघुबीर सिंग यांचं वैयक्तिक आणि संघाचं, तर टेंट पेगिंगमध्ये, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याने खुंटा उपटण्याच्या खेळात, रूपिंदर सिंग ब्रार यांचं. ही सगळी पदकं सैन्यातल्या स्वारांची होती. रघुबीर सिंग ६१ व्या कॅव्हलरीतले. ज्या घोड्यांवर ते बसले, त्यांचा दाणापाणी, तबेला, नालबंद, डॉक्टर, सगळं सरकारचं.

२०२३ चे चौघं मात्र सैन्यातले नव्हते. घरच्या आणि पुरस्कर्त्यांच्या बळावर ते युरोपात राहिले, तिथल्या प्रशिक्षकांकडे शिकले. कोलकात्याचा अनुष वयाच्या १७ व्या वर्षी जर्मनीला गेला. त्यांचे घोडे युरोपातले, आणि ते युरोपातूनच विमानाने चीनला गेले.

दोन्ही पिढ्यांची मेहनत तितकीच खरी. पण मधल्या काळात या खेळाचं अर्थकारण बदललं. १९८२ ला एक दफादार आशियातला सर्वोत्तम स्वार होऊ शकत होता, कारण घोडा त्याच्या पगारातून पोसला जात नव्हता. आज तेवढ्याच उंचीवर पोचायचं तर आधी घोडा कुणाचा, हे विचारावं लागतं.

शिलेदार आणि बारगीर

या प्रश्नासाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत. इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेले, पण आज नेमके लागू पडणारे. शिवकाळात ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, तो बारगीर. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. सभासदाच्या बखरीतली रचना बघा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे पाणी देणारा एक पखालजी व एक नालबंद.

यात घोडदळाची शिस्त तर आहेच, पण खर्चाची मांडणीही आहे. एका घोड्यासाठी एक नालबंद कुणालाच परवडणार नाही, पंचवीस घोड्यांत तो परवडतो. आणि मावळातल्या ज्या पोराच्या घरी बैलजोडीची मारामार होती, तोही घोड्यावर बसू शकला, कारण घोड्याचा बोजा त्याच्या घरावर नव्हता.

आजची घोडेस्वारी वरच्या पायऱ्यांवर जवळजवळ पूर्ण शिलेदारांची झाली आहे. काही अपवाद आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला बेंगळुरूचा फवाद मिर्झा ज्या घोड्यांवर खेळला, ते त्याच्या पुरस्कर्त्या उद्योगसमूहाच्या मालकीचे होते. आधुनिक काळातला बारगीरच म्हणा ना! पण असे पुरस्कर्ते बोटांवर मोजण्याइतके.

कोटींच्या घोड्याची गोष्ट

खर्चाचा विषय निघाला की कुणीतरी सारंगखेड्याचं नाव काढतंच. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा हा घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे तिथे येतात. दरवर्षी एखाद्या घोड्याची किंमत कोटींत असल्याची बातमी होते, व्हिडिओ फिरतो आणि आपण ठरवून टाकतो की हा श्रीमंतांचा नाद.

पण ती किंमत बहुतेकदा मालकाने सांगितलेली असते, झालेल्या व्यवहाराची नसते. शिवाय ती असते वंशासाठी, उंचीसाठी, रंगासाठी, शरीरावरच्या शुभ मानल्या जाणाऱ्या भोवऱ्यांसाठी. सात वर्षांच्या मुलाला शिकायला हवा असतो तो वयस्कर, शांत, हॉर्न वाजला तरी न दचकणारा घोडा. त्याच्या रूपावर कुणी रील करत नाही.

आणि घोडा विकत घेणं हा तसा एकदाच होणारा खर्च. घोडं पेंड खातं ते त्यानंतर, रोज, आणि अक्षरशः.

एका घोड्याचा महिना

आता थोडं गणित करू. पुढचे रुपयांचे आकडे समजा म्हणून घेतले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. तुमच्या भागातले दर विचारा आणि त्या जागी घाला. रीत तीच राहील.

साधारण ४०० किलोचा घोडा रोज आपल्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडा आहार खातो, म्हणजे आठ किलो. त्यात पाच किलो वाळलेली वैरण आणि तीन किलो चंदी, म्हणजे हरभरा, जव, कोंडा वगैरे, असं धरू. वैरण १५ रुपये किलो आणि चंदी ३५ रुपये किलो असेल तर रोजचे १८० रुपये, महिन्याचे ५,४०० रुपये. पाणी रोज पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तीन घोड्यांमागे एक मोतद्दार, पगार १५ हजार, तर एका घोड्यावर ५,०००. दर सहा-आठ आठवड्यांनी खुर तासावे लागतात, नाल असेल तर तो बदलावा लागतो. त्याचे महिन्याला सरासरी १,०००. जंतनाशक, धनुर्वाताची लस, डॉक्टर यांचे १,०००. जागा, खाली अंथरायचा भुसा, खोगीर-लगामाची दुरुस्ती मिळून २,०००. बेरीज झाली १४,४००.

यात शिकवणाऱ्याचा पगार अजून आलेला नाही. चार घोड्यांमागे एक प्रशिक्षक, ३० हजार पगार, म्हणजे घोड्यामागे ७,५००. एकूण २१,९०० रुपये.

आता हा घोडा किती तास काम करणार? नीट सांभाळायचा असेल तर दिवसाला दोन तास शिकवणी आणि आठवड्यातून एक सुट्टी. महिन्याला २६ दिवस, ५२ तास. भागाकार केला की तासाला सुमारे ४२० रुपये पडतात. हे सगळे तास भरले तर. पण परीक्षा येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल होतो, मे महिन्यात दुपारी कुणी फिरकत नाही. मुलं ३० तासांपुरतीच आली तर तोच खर्च तासाला ७३० रुपयांवर जातो. घोडा मात्र सुट्टीतही तेवढंच खातो. क्रिकेटची बॅट पावसाळाभर माळ्यावर टाकता येते, घोडा नाही टाकता येत.

म्हणून फी ऐकल्यावर 'लुटतात साले' असं लगेच म्हणू नका. उलट फी फारच कमी असेल तर एक प्रश्न विचारा की बाकीचे पैसे कोण देतंय? संस्था, देणगीदार, सरकार देत असेल तर उत्तम. कुणीच देत नसेल तर बहुधा घोडाच देतोय. कमी चंदी, जास्त तास, झिजलेला नाल, खोगिराखालची न भरलेली जखम, या रूपात. मोजायला एक सोपं माप जगभर वापरतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. ७५ किलोचे तुम्ही आणि आठ किलोचं खोगीर, घोडी ३५० किलोची, तर प्रमाण जवळपास २४ टक्के होतं. धाकट्याला सोडायला जाऊन स्वतःही एक रपेट मारण्याआधी एवढा हिशेब करा.

घरचा हिशेब

आता नाण्याची दुसरी बाजू, घरची. समजा अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करणाऱ्या एका घरची मिळकत महिना ३० हजार आहे, वर्षाची ३ लाख ६० हजार. मुलीला आठवड्यातून दोन तास, तासाला ५०० रुपये, म्हणजे महिना ४,०००. पावसाळ्याचे दोन महिने सोडून दहा महिन्यांचे ४० हजार. घोड्याला मोकळी जागा लागते, ती शहराच्या कडेला असते. जाऊन-येऊन २० किलोमीटर धरले तर वर्षाला १,६०० किलोमीटर, दुचाकीचे सुमारे ४ हजार. हेल्मेट, टाचेचे बूट, ब्रीचेस यांचे १० हजार. मिळून ५४ हजार. घरच्या उत्पन्नाच्या पंधरा टक्के! एका मुलासाठी, एका छंदासाठी, तेही शाळेची फी आणि घराचा हप्ता जाऊन.

यात न दिसणारा खर्चही आहे. मुलीला कोण सोडणार? दुसऱ्या पाळीला जाणारे वडील सकाळी सोडू शकतात, पाळी बदलली की ते आठवडे गेले. मुलांचे पाय वाढतात, दरवर्षी बूट नवे. या वयात सामान सेकंडहँड घेणं शहाणपणाचं, पण हेल्मेटचा अपवाद करा. ते घोडेस्वारीसाठीच बनवलेलं, प्रमाणित आणि डोक्याला घट्ट बसणारं हवं. सायकलचं चालत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी वापरू नये, आणि जुनं घेतलं तर ते कधी आपटलं होतं का, हे कळायला मार्ग नाही.

ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी स्पर्धेची. भारतीय अश्वारोहण महासंघाच्या प्रादेशिक स्पर्धा असतात, ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा असते. तिथे स्वाराची नोंदणी लागते, तशी घोड्याचीही. क्लबचा घोडा भाड्याने घ्या किंवा स्वतःचा ठेवा, म्हणजे वर काढलेला १४-१५ हजारांचा मासिक हिशेब आता थेट तुमच्या घरी येतो. स्पर्धा दुसऱ्या शहरात असली की घोडा, मोतद्दार, वैरण असं सगळं बिऱ्हाड ट्रकमधून जाणार. तिसरी पायरी युरोपची, तिथे बोलणंच युरोमध्ये.

पायऱ्यांमधलं हे अंतर लक्षात घ्या. धावणारी मुलगी तालुक्यातून जिल्ह्यात गेली तर खर्च वाढतो, पण तिचे पाय तिचेच असतात. इथे प्रत्येक पायरीवर नवा घोडा लागतो.

कर कमी झाला, मग?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या नव्या दरांत घोड्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. 'घोडे स्वस्त' असे मथळे झाले. दीड लाखाच्या घोड्यावर आधी १८ हजार कर होता, आता साडेसात हजार. साडेदहा हजार वाचले, पण एकदाच, आणि घोडा विकत घेणाऱ्याचे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या पाळणाऱ्याकडून घेतला तर बिलात हा कर मुळातच नसतो. आठवड्याला दोन तास शिकणाऱ्या मुलीच्या फीवर याने काही फरक पडणार नाही, कारण वर पाहिलं तसं फी ठरते ती वैरण, माणसं आणि रिकाम्या तासांवरून.

त्याहून महत्त्वाची घडामोड जुलै २०२५ मधली आहे. मेरठ छावणीतल्या सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने घोड्यांसाठी रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. देशातला हा पहिलाच. आजवर भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला न्यायचा म्हणजे आरोग्याच्या अटींचा डोंगर. त्यामुळे स्वाराने परदेशातच घोडा घ्यायचा आणि तिथेच ठेवायचा, हाच सोपा मार्ग उरायचा. मेरठच्या मान्यतेने भारतात तयार झालेला घोडा बाहेर जाण्याची वाट उघडली आहे. सध्या ही वाट एकाच आवारातून जाते, हेही खरं. पण अशी आणखी केंद्रं झाली तर 'तिसरी पायरी म्हणजे युरोप' हे समीकरण सैल होईल.

जगात काही ठिकाणी उलटा निर्णयही झालाय. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये स्पर्धकाला ऐन वेळी अनोळखी घोडा मिळायचा. टोकियोत एका घोड्याने उडी मारायला नकार दिला, स्पर्धक रडत राहिली, घोड्याला फटके बसले, जगभर टीका झाली. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडाच काढून टाकला आणि अडथळ्यांची शर्यत आणली. प्राण्याचे हाल हा मुख्य मुद्दा होताच. घोडे सगळ्या देशांना परवडत नाहीत, हाही विचार त्यामागे होता.

नाशिकमधली पागा

मग अंबडच्या मुलीने काय करायचं? इथे नाशिकची गंमत आहे. पागेची परंपरा या शहरात अजून जिवंत आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेली भोसला मिलिटरी स्कूल इथलीच, आणि घोडेस्वारी तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. पुण्याजवळ कासार आंबोलीच्या राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेतही मुली घोड्यावर बसतात. निवासी शाळेची फी हा वेगळा विषय आहेच, पण तत्त्व पागेचंच. घोडे संस्थेचे, खर्च अनेक मुलांत वाटलेला.

त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षणार्थी फौजदार घोडेस्वारी शिकतात. आयएएस झालेल्यांना मसुरीत तीच संधी असते. म्हणजे तुमच्यापैकी जे अभ्यासिकेत बसून एमपीएससी-यूपीएससी करताहेत, त्यांच्यातले काहीजण पंचविशीत पहिल्यांदा रिकिबीत पाय घालतील, तेही सरकारी खर्चाने. ज्याला सातव्या वर्षी परवडलं नाही, त्याला घोडा नोकरी लागल्यावर मिळतो. मुंबई पोलिसांचं १९३२ मध्ये बंद झालेलं अश्वदल पुन्हा उभं करण्याची घोषणा २०२० मध्ये झाली, तेव्हा नोकरीतला घोडा अगदीच इतिहासजमा नाही.

कॉलेजच्या वयातला सर्वांत स्वस्त मार्ग मात्र एनसीसीचा. एनसीसीत रिमाउंट आणि व्हेटर्नरी पथकं असतात, प्रामुख्याने पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली. तिथले कॅडेट घोडेस्वारी शिकतात, दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरात त्यांच्या स्पर्धाही होतात. घोडा सरकारचा, चंदी सरकारची. पशुवैद्यकीयला प्रवेश घेणाऱ्यांनी हे पहिल्याच वर्षी विचारून घ्यावं.

बाकीच्यांसाठी युरोपातली एक जुनी पद्धत घेण्यासारखी आहे. तिथे अनेक तबेल्यांत तरुण मुलं शनिवार-रविवार खरारा करतात, लीद काढतात, वैरण टाकतात आणि बदल्यात त्यांना स्वारी मिळते. ब्रिटनमध्ये १९२९ पासून चालणाऱ्या पोनी क्लबमध्ये घोड्याची निगा हा शिक्षणाचाच भाग आहे. नाशिकच्या एखाद्या चालकाला हे सुचवून बघायला हरकत नाही. अठरा पूर्ण असतील, काम आणि तास लिहून ठरलेले असतील, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची हे स्पष्ट असेल, तर दोघांचाही फायदा. लहान मुलांना मात्र अशा कामाला जुंपू नये. त्यांनी शिकण्यापुरता खरारा करावा, फीच्या बदल्यात नाही.

पैसे भरण्याआधी

घरातल्या लहानग्यासाठी चौकशी तुम्हीच करणार असाल तर फीच्या आकड्याबरोबर आणखी पाच गोष्टी बघा.

पहिली, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. आधी चार-सहा तास करून बघा. बऱ्याच मुलांना घोडा आवडतो, पण तिसऱ्या दिवशी मांड्या दुखायला लागल्या की उत्साह उतरतो.

दुसरी, घोडे किती आणि मुलं किती, ते मोजा. सकाळी सहाला काम सुरू केलेला घोडा दहालाही तोच असेल तर समजून जा.

तिसरी, घोड्याच्या पाठीवर आणि तोंडाच्या कोपऱ्यात जखमा आहेत का, बरगड्या दिसतात का, समोर पाणी आहे का, हे स्वतः बघा. जो घोड्याला जपत नाही, तो तुमच्या भावाला जपेल याची खात्री काय?

चौथी, नवशिक्या मुलाचा घोडा सुरुवातीला लांब दोरीवर कुणीतरी धरतो का? पहिल्याच दिवशी दुडकी आणि रीलसाठी चौखूर उधळणं, असा प्रकार दिसला तर परत या.

पाचवी, पडल्यावर काय? प्रथमोपचार, जवळचं हॉस्पिटल, विमा, याची उत्तरं तोंडी चालणार नाहीत.

पागा पुन्हा उभी राहील?

शेवटी प्रश्न उरतो तो धोरणाचा. या खेळाला सार्वजनिक मदत मिळतच नाही, असं नाही. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे २११ एकर जागा वर्षानुवर्षं भाडेपट्ट्यावर राहिली. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी घ्यायचं ठरलं, ९१ एकर रेसिंग क्लबकडे राहिली. शहराच्या मधोमध घोडे ठेवता आले ते या जमिनीमुळे. म्हणजे सार्वजनिक साधनं घोड्यांना मिळत आलीच आहेत. त्यातून कितीजणांना घोड्यावर बसता आलं, हा विचारायचा प्रश्न आहे.

नाशिकसारख्या शहरात वेगळं काही करता येईल. इथे घोडे आहेत, शिकवणारे आहेत, मैदानं आहेत. महापालिका शाळांतली आठवड्याला वीस मुलं, एखाद्या संस्थेची पागा, आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा सीएसआर निधी, एवढं जुळलं तरी पुरे. वरच्या गणितात एका घोड्याचा महिना सुमारे २२ हजारांचा होता. चार घोडे म्हणजे महिना ८८ हजार, वर्षाला साडेदहा लाखांच्या आसपास. त्यात महिन्याला २०८ तास मिळतात. वीस मुलांना आठवड्याला दोन तास दिले तर साधारण १७५ तास. म्हणजे तेवढ्या घोड्यांत ही मुलं सहज बसतात. मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने ही रक्कम डोळे फिरवणारी नाही. एका कामगाराच्या घराच्या दृष्टीने ५४ हजार मात्र आहेत.

'आपल्यासारख्यांचं काम नाही' असं म्हणणाऱ्या आईचा हिशेब चुकत नाही. तिच्यासमोर एकच पर्याय ठेवलेला असतो, शिलेदार होण्याचा. स्वतःच्या पैशाने घोडा पोसा, नाहीतर बसू नका. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखात दुसराही पर्याय होता, आणि तो चालत होता. नागोयाला पदक आलं तर पुन्हा अभिनंदनाचे फलक लागतील, कदाचित अंबडच्या चौकातही. तेव्हा तुमच्या नगरसेवकाला, कॉलेजच्या क्रीडा संचालकाला, तुम्ही इंटर्नशिप करता त्या कंपनीच्या सीएसआर विभागाला एवढंच विचारा, की आपल्या शहरात बारगिरांसाठी किती घोडे आहेत?